सात उद्गार, तीन तास : नंदुरबारच्या एका मंडळीतील उत्तम शुक्रवारची उपासना

उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) दुपारी बारापासून तीनपर्यंत चालणारी, येशूच्या वधस्तंभावरील सात उद्गारांची उपासना खानदेशातील अनेक प्रोटेस्टंट मंडळ्यांत दरवर्षी होते, आणि तिचा साचा इतका ठरलेला असतो की एका ठिकाणची उपासना दुसऱ्या ठिकाणच्या उपासनेपेक्षा वेगळी कशी होती हे सांगणे अवघड जाते. तरीही नंदुरबार शहरातील एका जुन्या मंडळीने यंदा चालवलेल्या उपासनेविषयी सविस्तर लिहिण्यास कारण आहे. येशूचा वधस्तंभावरील मृत्यू नेमका कशासाठी झाला, या प्रश्नाला ख्रिस्ती परंपरेने एकच एक उत्तर कधीच दिलेले नाही, पण आपल्याकडच्या व्यासपीठांवरून बहुधा एकच उत्तर कानी पडते. येथे सात निरनिराळ्या माणसांना बोलायला उभे केल्यामुळे ती उत्तरे शेजारीशेजारी आली, काही ठिकाणी एकमेकांना छेदूनही गेली, आणि हीच या उपासनेची मोठी जमेची बाजू आहे. मंडळीचे नाव येथे देत नाही, कारण पुढे काही तक्रारी आहेत आणि बोलणारे बहुतेक जण पगारी पाळक नसून नोकरीधंदा सांभाळून उपदेशाची तयारी करणारे होते.

व्यवस्थेबद्दल थोडक्यात सांगतो. पत्रिकेवर बाराची वेळ छापली होती आणि उपासना बारालाच सुरू झाली. व्यासपीठावर काळे कापड होते, फुले नव्हती, आणि मागच्या भिंतीवर नेहमीचाच साधा लाकडी वधस्तंभ होता. जाड दगडी भिंती आणि वरची कौले यांमुळे आत बरे वाटत होते, तरी मागच्या बाजूला लावलेल्या दोन कूलरांच्या घरघरीमुळे शेवटच्या चारपाच बाकांवर बसलेल्यांना निम्मा उपदेश ऐकू आला नसणार. शहराबाहेरच्या पथाऱ्यांवरून वाऱ्याबरोबर मिरचीचा खकाणा येत होता, त्यामुळे प्रार्थनेच्या ऐन शांततेत कुणाला ना कुणाला ठसका लागत होता. नंदुरबारकरांना त्याचे काहीच वाटत नाही.

ही तीन तासांची पद्धत मुळात प्रोटेस्टंट नाही. दक्षिण अमेरिकेतील पेरू देशात, लिमा शहरातील जेझुइट या कॅथलिक संघाच्या धर्मगुरूंनी ती रूढ केली, तेथून ती रोममध्ये आणि नंतर इतर पंथांत गेली. पश्चिम खानदेशात विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून ज्या परदेशी मिशनऱ्यांनी काम केले, त्यांचा ओढा अशा विधींपेक्षा साध्या प्रार्थनासभांकडे अधिक होता. तरीही ही उपासना येथे रुजली, याचे श्रेय मी तिच्या रचनेला देतो. बायबलमधील चार शुभवर्तमानांत, म्हणजे येशूचे चरित्र सांगणाऱ्या मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांच्या पुस्तकांत, विखुरलेले येशूचे शेवटचे सात उद्गार एकत्र घ्यायचे आणि प्रत्येकावर एक वाचन, एक उपदेश, एक गीत आणि एक प्रार्थना करायची, एवढीच ती रचना आहे. लूक आणि योहान यांच्याकडून प्रत्येकी तीन उद्गार मिळतात, आणि उरलेला एक मार्क व मत्तय या दोघांनी दिला आहे. कोणत्याही एका शुभवर्तमानात सातही उद्गार सापडत नाहीत, ही गोष्ट पत्रिकेत छापायला हवी होती, कारण त्यावरूनच लक्षात येते की या मृत्यूकडे पहिल्या पिढीपासून एकाहून अधिक बाजूंनी पाहिले गेले.

पहिला उद्गार, "हे बापा, त्यांना क्षमा कर, कारण ते काय करतात हे त्यांना समजत नाही," हा एका महाविद्यालयीन प्राध्यापकांकडे होता आणि त्यांनी तो नेटका मांडला. "त्यांना" म्हणजे कुणाला, एवढाच प्रश्न त्यांनी घेतला. वधस्तंभ ही रोमी शिक्षा होती, गुलाम आणि बंडखोर यांच्यासाठी राखलेली. येशूच्या डोक्याच्या वरच्या बाजूला जी पाटी ठोकली होती तिच्यावर "यहुद्यांचा राजा" असा राजकीय आरोप तीन भाषांत लिहिलेला होता. आणि ख्रिस्ती विश्वासांगीकारात, म्हणजे उपासनेत म्हटल्या जाणाऱ्या श्रद्धेच्या कबुलीत, या मृत्यूच्या संदर्भात ज्या एकाच अधिकाऱ्याचे नाव येते तो रोमी सुभेदार पंतय पिलात आहे. हे सांगून ते म्हणाले की यहुदी लोकांना पिढ्यानपिढ्या "ख्रिस्ताचे मारेकरी" ठरवणे हे ख्रिस्ती इतिहासातील पाप आहे. रोमन कॅथलिक चर्चने 1965 साली, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, हा आरोप अधिकृतपणे नाकारला, याचाही त्यांनी उल्लेख केला. आमच्याकडे उत्तम शुक्रवारी अशा गोष्टी कुणी बोलत नाही. येशू ज्यांच्यासाठी क्षमा मागतो त्यांत शिपाई आहेत, पुढारी आहेत, पळून गेलेले शिष्य आहेत आणि बाकांवर बसलेले आपणही आहोत, हा त्यांचा शेवट अपेक्षितच होता, पण तो नीट पायऱ्या चढून आला.

दुसऱ्या आणि तिसऱ्या उद्गारांवर फार लिहिण्यासारखे नाही. शेजारी टांगलेल्या गुन्हेगाराला "तू आज माझ्याबरोबर सुखलोकात असशील" असे आश्वासन मिळते, तेव्हा त्याच्या हातून एकही सत्कर्म झालेले नसते आणि पुढे होण्यास वेळही नसतो. तारण कर्मांनी नव्हे तर कृपेने मिळते या शिकवणीचा याहून स्पष्ट दाखला नाही, आणि वक्त्यांनी तेवढेच सांगून जागा घेतली. तिसरा उद्गार आईला आणि प्रिय शिष्याला उद्देशून आहे. त्यावर बोलणाऱ्या तरुणाने पाचच मिनिटांत वधस्तंभ सोडला आणि म्हाताऱ्या आईवडिलांना सांभाळण्याविषयी, मग सासूसुनांविषयी आणि शेवटी मोबाइलविषयी बोलायला सुरुवात केली. सगळे खरे होते आणि कुठल्याही रविवारी चालले असते. मरणारा माणूस रक्ताचे नाते नसलेल्या दोघांना एकमेकांच्या हाती देतो, म्हणजे वधस्तंभाच्या पायथ्याशी एक नवे कुटुंब उभे राहते, हा विषय समोर आयता असताना तो तसाच पडून राहिला.

चौथा उद्गार पाळकसाहेबांनी स्वतःकडे ठेवला होता आणि संपूर्ण उपासनेतील सर्वांत चांगला उपदेश तोच झाला. "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" हे वाक्य ख्रिस्ती वाचकाला अडचणीत टाकणारे आहे. ज्याला आपण देवाचा पुत्र म्हणतो तोच देवाने सोडल्याची तक्रार करतो. आणि मार्क व मत्तय यांच्या वृत्तांतात वधस्तंभावरून तो बोललेले हे एकमेव वाक्य आहे. पाळकसाहेबांनी अडचण झाकली नाही. त्यांनी आधी ते स्पष्टीकरण दिले जे सोळाव्या शतकातील प्रोटेस्टंट सुधारणा चळवळीच्या काळापासून, विशेषतः सुधारक कॅल्व्हिनच्या परंपरेत, ठळकपणे दिले जाते : पापाची शिक्षा म्हणजे देवापासून दुरावा, आणि आपल्या वाट्याचा तो दुरावा येशूने स्वतःवर घेतला. प्रेषित पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात ख्रिस्त आपल्यासाठी शाप झाला असे म्हटले आहे, त्याचा आधार त्यांनी घेतला. त्यानंतर त्यांनी दुसरी बाजू मांडली. हे वाक्य बायबलच्या जुन्या करारातील बाविसाव्या स्तोत्राची पहिली ओळ आहे. यहुदी श्रोत्याला पहिली ओळ ऐकली की अख्खे स्तोत्र आठवत असणार. आणि त्या स्तोत्राचा शेवट तक्रारीत होत नाही, तर पीडिताचे दुःख देवाने तुच्छ मानले नाही आणि त्याच्यापासून आपले तोंड लपवले नाही, या साक्षीत होतो. मग देवाने येशूला सोडले होते की नव्हते?

येथे बहुतेक उपदेशक दोनपैकी एक बाजू निवडून मोकळे होतात. पाळकसाहेब व्यासपीठावरचे पुस्तक मिटून काही क्षण गप्प राहिले. मग ते म्हणाले की आक्रोश खरा होता, नाटक नव्हते, आणि ज्याच्याकडे आक्रोश केला तो "माझा देव" राहिला हेही तितकेच खरे होते. या दोहोंपैकी एक गोष्ट सोडली की शुभवर्तमान हातात राहत नाही. ख्रिस्ती माणूस त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, मानतो, म्हणून पिता आणि पुत्र यांची वधस्तंभावर ताटातूट झाली, देवत्वाचे दोन तुकडे झाले, असे त्याला म्हणता येत नाही. आणि तो येशूचे मनुष्यपण खरे मानतो, म्हणून हा केवळ स्तोत्रपाठ होता असेही म्हणता येत नाही. गेल्या पावसाळ्यात ज्यांच्या घरी मरण झाले होते अशा कुटुंबांकडे पाहून, पण कुणाचेही नाव न घेता, त्यांनी एवढेच जोडले की ज्यांना "का" असा प्रश्न पडला आहे त्यांनी तो देवालाच विचारावा, कारण येशूने तसेच केले. त्यानंतर गीत सुरू व्हायला थोडा वेळ लागला, कारण पेटीवर बसलेले गृहस्थ डोळे पुसत होते.

पाचव्या उद्गारासाठी, "मला तहान लागली आहे" यासाठी, एका निवृत्त परिचारिकाबाईंना बोलावले होते. बाईंनी कागद आणला नव्हता, आणि त्यांची मराठी मधूनच अहिराणीत वळत होती. त्यांनी मरणाऱ्या माणसाच्या तहानेविषयी सांगितले : गिळण्याची ताकद गेलेली असते, पाणी पाजले तर ठसका लागतो, म्हणून कापसाचा बोळा भिजवून ओठांवरून फिरवायचा, आणि तोंड किंचित उघडले तर जिभेवर एक थेंब पडू द्यायचा. बोलताबोलता त्यांचा अंगठा आणि दोन बोटे बोळा धरल्यासारखी जुळली आणि हवेत हळूच फिरली. नंतर त्यांनी योहानातील पुढचे वाक्य वाचले, ज्यात आंबेत, म्हणजे आंबट द्राक्षारसात, भिजवलेला स्पंज एजोब नावाच्या झुडपाच्या काडीवर ठेवून येशूच्या तोंडाला लावला जातो. "मनासाठे जीव दिधा त्यानी" (माझ्यासाठी जीव दिला त्याने), एवढे म्हणून त्या बसल्या. सगळे मिळून सातआठ मिनिटे झाली असतील.

या उपदेशात सिद्धांत नव्हता असे काहींना वाटेल. मला मात्र तो सर्वांत जुन्या सिद्धांतांपैकी एक वाटला. येशू दैवी असल्यामुळे त्याने दुःख सोसल्याचा केवळ आभास झाला, असे मानणारे लोक चर्चच्या अगदी सुरुवातीच्या काळात होते, आणि दुसऱ्या शतकाच्या आरंभी अंत्युखियाचा बिशप इग्नाटियस याने त्यांच्याविरुद्ध आपल्या पत्रांत कडक शब्दांत लिहिले. येशू खरोखर जन्मला, खरोखर खाल्लाप्यायला, खरोखर मेला, असे तो पुन्हापुन्हा बजावतो. ज्याला खरी तहान लागत नाही त्याचा मृत्यू आपल्या मृत्यूला कामाचा नाही, हा त्या सगळ्या वादाचा गाभा आहे, आणि बाईंनी तो कोणताही वाद न घालता सांगितला. बाहेर ऊन रणरणत असताना आणि निम्मे लोक उपाशी असताना हा भाग ऐकणे हा या प्रदेशातील उपासनेचा वेगळा गुण म्हणावा लागेल; थंड देशांत हा उद्गार इतका लवकर पोचत नसावा.

सहावा उद्गार "पूर्ण झाले आहे" हा विकास सोसायटीत नोकरी केलेल्या, मंडळीच्या एका वडिलांकडे (कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठ सभासदाकडे) होता, आणि माझी मुख्य तक्रार येथेच आहे. त्यांनी पौलाच्या कलस्सैकरांस पत्रातील ऋणलेख खिळून टाकण्याचा उल्लेख घेतला आणि त्याला सातबाऱ्यावरच्या बोजाची उपमा दिली. ही उपमा ऐकताच बाकांवरचे शेतकरी सरसावून बसले, आणि ती खरोखर चांगली आहे. पाप हे नुसते चुकीचे कृत्य नसून पिढीजात उताऱ्यावर बसलेला भार आहे, तो स्वतःच्या कमाईने फिटत नाही, आणि तो उतरल्याची नोंद झाली की माणूस आपल्याच जमिनीवर पुन्हा ताठ उभा राहतो, हे त्यांनी नंदुरबार तालुक्याच्या भाषेत सांगितले. पण मग त्यांनी उपमा पुढे ताणली. देवबाप हा थकबाकीने संतापलेला सावकार झाला, येशू हा जामीनदार झाला, आणि सावकाराने जामीनदाराचे घर जप्त करून आपली वसुली पूर्ण केली, म्हणून "पूर्ण झाले". जामीन हा शब्द इब्री लोकांस पत्रात येशूला लावलेला आहे हे खरे, परंतु तेथे तो नव्या कराराचा जामीन आहे. रागावलेल्या बापाची समजूत काढणारा त्रयस्थ नव्हे.

ही उपमा अशी मांडली की ऐकणाऱ्याच्या मनात दोन देव तयार होतात, एक कठोर आणि एक दयाळू, आणि दुसऱ्याने पहिल्यापासून आपल्याला वाचवले असा समज होतो. पौलाचे म्हणणे याच्या नेमके उलट आहे : देव स्वतःच ख्रिस्तामध्ये जगाचा आपल्याशी समेट करत होता, आणि आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मेला, यातच देवाने आपली प्रीती दाखवली. उपमाच वापरायची तर असे म्हणावे लागेल की ज्याचे येणे थकले होते त्यानेच नुकसान सोसले. कर्जमाफीत कुणाचा तरी पैसा बुडतोच, आणि येथे बुडणारा देव स्वतः आहे. सोसायटीत आयुष्य काढलेल्या माणसाला हे सांगणे सहज जमले असते, म्हणून हळहळ अधिक वाटते.

शिक्षा आणि भरपाई यांची ही मांडणी खोटी आहे असे माझे म्हणणे नाही. जुन्या करारातील यशया संदेष्ट्याच्या त्रेपन्नाव्या अध्यायातील दुःखी सेवक दुसऱ्यांच्या अपराधांसाठी घायाळ होतो, आणि हा अध्याय उत्तम शुक्रवारी वाचला जातो तो उगीच नव्हे. प्रश्न एवढाच आहे की हीच मांडणी एकटी धरली जाते. कँटरबरीचा आर्चबिशप अन्सेल्म याने अकराव्या शतकाच्या अखेरीस मानवी पापामुळे देवाच्या सन्मानाला पोचलेल्या हानीची भरपाई अशी उपपत्ती मांडली. सोळाव्या शतकात सुधारकांनी तिला न्यायालयाचे आणि शिक्षेचे रूप दिले. त्याआधीच्या पहिल्या हजार वर्षांत याहून वेगळी भाषा प्रभावी होती : माणूस पाप, मरण आणि सैतान यांच्या कैदेत आहे, आणि ख्रिस्त मरणात शिरून ती कैद आतून फोडतो. स्वीडिश धर्मपंडित गुस्ताफ औलेन यांनी 1930च्या सुमारास या जुन्या विजयाच्या कल्पनेकडे पुन्हा लक्ष वेधले. बाराव्या शतकातील फ्रेंच धर्मपंडित आबेलार याने भर दिला तो आणखी वेगळ्या गोष्टीवर, म्हणजे ख्रिस्ताची प्रीती पाहून माणसाचे हृदय पालटते यावर. यांपैकी कोणत्याही एका उपपत्तीला प्राचीन सार्वत्रिक परिषदांनी सिद्धांताचा दर्जा दिला नाही. निकायाच्या विश्वासांगीकारात "आम्हा मानवांसाठी आणि आमच्या तारणासाठी" एवढेच शब्द आहेत. ज्या कलस्सैच्या अध्यायात ऋणलेख आहे त्याच्या लगेच पुढच्याच वचनात सत्ताधीशांना निःशस्त्र करून त्यांच्यावर मिळवलेला जय आहे, आणि वक्त्यांनी ते वचन वाचून सोडून दिले. विजयाची ही भाषा मावची आणि भिल्ल वस्त्यांतील ख्रिस्ती लोकांना चटकन जवळची वाटते असा माझा अनुभव आहे, कारण भुताखेतांची भीती सुटणे हा त्यांच्यापैकी अनेकांच्या साक्षीचा भाग असतो. तीन तासांच्या उपासनेत एकाही उपदेशात ती ऐकू येऊ नये, ही मोठी उणीव आहे.

सहावा उपदेश लांबल्यामुळे सातव्याला वेळ उरला नाही. "हे बापा, मी आपला आत्मा तुझ्या हाती सोपवून देतो" हे वाक्य एकतिसाव्या स्तोत्रातील आहे, आणि चौथ्या उद्गाराशेजारी ठेवले तर त्याच्यावर अर्धा तास बोलता येईल. वक्ते घड्याळाकडे पाहत थेट रविवारच्या रिकाम्या कबरेपर्यंत पोचले. पुनरुत्थानाशिवाय वधस्तंभाला अर्थ नाही हे पौलच सांगतो, पण त्यासाठी मंडळीला रविवारी पहाटे पुन्हा यायचेच आहे. शुक्रवार शुक्रवारीच राहू द्यावा.

संगीताबद्दल दोन शब्द. पेटी, तबला आणि झांज यांवर म्हटलेली "उपासना संगीत" या मराठी ख्रिस्ती गीतसंग्रहातील जुनी पदे या उपासनेला शोभून दिसली, ना. वा. टिळकांच्या काळापासून मराठी ख्रिस्ती भजनाने जी चाल धरली तिच्यात दुःख रडके होत नाही. मधल्या दोन गीतांना तरुण मंडळींनी इलेक्ट्रॉनिक कीबोर्डवरचा तयार ठेका लावला, तो मात्र लग्नाच्या वरातीचा वाटत होता आणि पाचव्या उद्गारानंतर तर फारच खटकला.

ख्रिस्ती नसलेल्या वाचकांपैकी कुणाला ही उपासना पाहायची असेल तर हरकत नसते; दारातल्या स्वयंसेवकांनी दोन अनोळखी विद्यार्थ्यांना पत्रिका देऊन बसायला जागा करून दिली आणि नाव-गाव विचारत बसले नाहीत. मध्ये उठून जाता येते, मात्र गीत चालू असताना उठावे. प्रभुभोजन, म्हणजे सभासदांनी भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी, या वेळी नसते, त्यामुळे बाहेरच्याला अवघडण्याचा प्रसंग येत नाही. तीननंतर अंगणात लिंबू सरबत होते आणि ते सर्वांना पुरले. पत्रिकेत वचनांचे संदर्भ बरोबर छापले होते, पण अक्षर इतके बारीक होते की म्हाताऱ्या माणसांना शेजाऱ्याकडून वाचून घ्यावे लागले. पुढच्या वर्षी येणाऱ्यांनी मागचे बाक टाळावेत. कूलर हलवण्याची सूचना मी लेखी दिली आहे, आणि तिच्याखाली चौथा उद्गार पाळकसाहेबांनी दुसऱ्या कुणाला देऊ नये असेही लिहिले आहे.